घरे दाखविली जातील

पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगून टाकलं, "बाई, या गावात तुम्हाला सुखासुखी कोणी घर देणार नाही. चला, बघायला सुरुवात करू."

मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आले होते. म्हसळ्याहून येणारी एसटी त्या गावात संपायची. पुढे सुपारीच्या वाड्या, केवड्याचं बन आणि समुद्र. दवाखान्यात राहायची सोय नव्हती, म्हणून औषधांच्या खोलीत खाट टाकून मी दिवस काढत होते. अंगाला, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा टिंक्चरचा वास. शेवटी कंपाउंडर म्हणाला, "चावीवाल्यांना भेटा."

तोंडावर त्यांना सगळे आबा म्हणत, मागे चावीवाले. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, ताठ माणूस. धोतर आणि त्यावर काळा अल्पाकाचा कोट, तोही भर उन्हाळ्यात. कमरेला सुंभात ओवलेल्या चाव्यांचा जुडगा. तो इतका वाजायचा, की आबा गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरमालक आपला चेहरा ठीकठाक करून बसत. त्यांच्या खोलीवर एक पाटी होती : 'घरे दाखविली जातील'. एकदा कोणीतरी विचारलं, 'घरे मिळतील' असं का नाही लिहिलंत? तर म्हणाले, "मिळणं माझ्या हातात नाही. दाखवणं आहे. खोटं कशाला लिहू?"

संस्थान होतं तेव्हा ते कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, नवं सरकार आलं, त्यात काहींना सामावून घेतलं, काहींना नाही. आबांना घेतलं नाही. त्याबद्दल ते बोलत नसत. संस्थानाचे अंमलदार बिऱ्हाडं आवरून गेले. त्यांच्या जागी मास्तर, तलाठी, पोलीस, जंगलखात्याचे गार्ड, माझ्यासारख्या नर्सा आल्या. त्याच सुमारास गावातली कर्ती माणसं बायकापोरांना घेऊन मुंबईला जायला लागली आणि घरांना कुलपं पडली. एकीकडे कुलपं, दुसरीकडे वळकटी घेऊन स्टँडवर उतरलेली माणसं. या दोघांच्या मध्ये आबा उभे राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

त्यांची घर दाखवायची रीत जगावेगळी होती. दुसरा दलाल घराचे गुण सांगेल. आबा आधी दोष सांगायचे, आणि तेही मालकाच्या देखत. "हे घर आग्नेयेला गळतं. परसात विंचू आहेत. मालक सज्जन आहेत, पण त्यांच्या मातोश्री भाडेकरूंच्या चुलीवर काय शिजतंय ते येऊन बघतात." मालकाचा चेहरा पडायचा. मग आबा कोट काढून खुंटीला लावायचे आणि सरळ जमिनीवर आडवे व्हायचे. उताणे पडून छताकडे बघत राहायचे. "घर उभ्यानं बघू नये. उभ्यानं सगळीच घरं बरी दिसतात. माणूस घरात येतो तो पडायला. तेव्हा पडून बघा." एका जाडजूड मास्तरांना त्यांनी असंच बळेबळे झोपवलं होतं. मास्तर उठेनात. आबा म्हणाले, "झालं. घर पसंत आहे."

जसे घराचे दोष भाडेकरूला, तसेच भाडेकरूचे दोष मालकाला. हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच घरी, सुपारीच्या व्यापाऱ्याच्या ओटीवर, मी पदर सावरून उभी असताना आबांनी सुरू केलं, "या नर्सबाई. स्वच्छ आहेत, वक्तशीर आहेत. रात्री-अपरात्री बोलावणं येतं, दार वाजेल. मासे खातात. आणि नवऱ्याला सोडून आल्या आहेत."

व्यापाऱ्याची बायको आतून दाराआड आली. तिनं विचारलं, "म्हणजे टाकलेली?"

"टाकलेली नाही, सोडून आलेली," आबा म्हणाले. "टाकतात ते सामान."

मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं झालं. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. हे सांगायची काय गरज होती? ते शांतपणे म्हणाले, "बाई, आज लपवलंत तर उद्या कळेल. उद्या कळल्यावर तुम्ही त्यांच्या घरात असाल आणि रोज मान खाली घालून जिना चढाल. आत्ता नाही म्हणाले, सुटलात. मान खाली घालून राहायला तुम्ही नवरा कशाला सोडलात?"

मी पदर खोचला आणि त्यांच्यामागे पुढच्या घराकडे निघाले.

त्या दिवशी आणखीही घरं बघितली आणि सगळीकडे नकार आला. कोणी म्हणालं, लेक लग्नाची आहे. कोणी म्हणालं, देवघर शेजारी आहे. एकानं तर नुसतं दारच लावून घेतलं. संध्याकाळी आबा एका बंद घरासमोर थांबले. मालक मुंबईला, वर्षानुवर्षं कुलूप. आबांनी जुडग्यातून एक चावी काढली, कुलपात तेल सोडलं आणि दार ढकललं. आत वटवाघळांचा वास, भिंतीवर वाळवीच्या रेघा. "याचे दोष तुम्हालाच दिसतायत," ते म्हणाले. "मालकाला मी कळवलं आहे. त्याला घर जगलेलं हवं असेल तर तो हो म्हणेल. तोवर झाडून घ्या."

मालकानं हो म्हटलं. पण आळीनं म्हटलं नाही. महिन्याभरात आळीतली प्रतिष्ठित मंडळी आबांच्या खोलीसमोर जमली. मी भाडं द्यायला गेले होते, आत पडद्याआड अडकून पडले. पुढारी म्हणाला, "आबा, बाई अवेळी घराबाहेर जाते. कंदील घेऊन पुरुष बोलवायला येतात. हे बरं दिसत नाही."

"येतात," आबा म्हणाले. "मागच्या पंधरवड्यात तुमचा मुलगा आला होता कंदील घेऊन. सुनेच्या पोटात मूल आडवं आलं होतं. ते दिवस उजाडेपर्यंत थांबलं असतं का?"

पुढाऱ्यानं खाकरून घेतलं. दुसरा कोणी काही बोलणार, तोच आबा उभे राहिले. "बाईंना घराबाहेर काढायचं असेल तर माझी हरकत नाही. फक्त एक करा. तुमच्या आळीतल्या बाळंतपणांना यापुढे त्यांना बोलवायचं नाही, असं आत्ता इथे सगळ्यांनी कबूल करा. घरी बायकांना विचारून या हवं तर."

मंडळी गेली ती परत आली नाही. मी त्या घरात सात पावसाळे काढले.

मुंबईबद्दल त्यांचं मत ठाम होतं. परळच्या चाळीत धाकटा भाऊ राहायचा, त्याच्याकडे ते एकदाच गेले आणि मिळेल त्या बोटीनं परत आले. "तिथे माणसं झोपायला पाळ्या लावतात, बाई. दिवसपाळीचा उठला की त्याच्या ऊबदार पथारीवर रातपाळीचा पडतो. आणि त्याच चाळीतल्या आपल्या गाववाल्याचं इथलं घर? माजघर, पडवी, परसदार. आत फक्त उंदीर. घरं आहेत तिथे माणसं नाहीत, माणसं आहेत तिथे घरं नाहीत." बंद घर दिसलं की ते अस्वस्थ व्हायचे. दर आठवड्याला कोणाकोणाच्या घराची दारंखिडक्या उघडून बसायचे, कोणी मागितलं नसताना. मालक उन्हाळ्यात आले की त्यांच्याशी हमरीतुमरी. "बारा महिने बंद ठेवता आणि मे महिन्यात येऊन घर गळतं म्हणून मला बोलता?"

आता खरी गोष्ट सांगायची ती हिरूबायची.

गावाच्या टोकाला एक वाडी होती, लांबट, थेट समुद्रापर्यंत गेलेली. तिचे मालक गिरगावात राहत. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला नारळाच्या झापांचं एक खोपट होतं, त्यात हिरूबाय राहायची. कोळ्याची विधवा. पुढच्या वाळूत काठ्या रोवून बोंबील वाळत घालायची, जवळा पसरायची. मुलगा गलबतावर होता, वर्षातून चार दिवस घरी. तिच्या पायाची जखम चिघळली म्हणून मी पट्टी बदलायला जायची, तेव्हापासूनची आमची ओळख. बोलायला तिखट. मला म्हणायची, "बाय, तुजी दवा जळजळते, पन तू न्हाय जळजळत."

मालकांनी वाडी विकायला काढली. मुंबईचा एक लाकडाचा व्यापारी हवा खायला बंगला बांधणार होता. मालकांनी आबांना सांगितलं, "खोपट आधी हलवा, मग शेठना आणा." आबांनी खोपट हलवलं नाही आणि शेठना आणलं. मी तेव्हा हिरूबायच्या दारात पट्टी बांधत होते, म्हणून सगळं ऐकलं.

आबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. वारा सुटला की सुपाऱ्या मोडतात. आणि या टोकाला हिरूबाय राहते. ती वाडीबरोबर येते."

शेठ हसले. "ती तर निघून जाएल ने? थोडा पैसा देऊ."

"नाही शेठ. तुम्ही मे महिन्यात याल नि जूनमध्ये जाल. ती राहील. पटत असेल तर घ्या."

शेठना सुकटीचा वास आला होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला, मागे वळले आणि त्याच दिवशी गाव सोडून गेले.

चार दिवसांत मालक स्वतः हजर झाले. भर बाजारात त्यांनी आबांना विचारलं, "तू माझा दलाल आहेस की तिचा वकील?" आबांनी जुडग्यातून वाडीच्या घराची चावी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "दोन्ही नाही. ही घ्या. मागच्या पडवीचा वासा किडलाय, त्याखाली झोपू नका."

मालकांनी दुसरा माणूस गाठला. गडी ठरवले, कोयते, पहारी. ही बातमी मी दवाखान्यात ऐकली आणि धावतपळत वाडीवर गेले. आबा माझ्याआधी पोचले होते. डोक्यावर ट्रंक, काखेत एक लाकडी खुर्ची. हिरूबाय दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"कशाला आलाय?" तिनं विचारलं.

"राहायला."

"माज्या घरात जागा न्हाय."

"बाहेर चालेल." त्यांनी खोपटाच्या पुढल्या मांडवात, जिथे ती जाळी टाकायची, तिथे ट्रंक ठेवली आणि खुर्ची मांडून बसले. काळा कोट, मांडीवर छत्री, दोन्ही बाजूंना वाळणारे बोंबील.

गडी आले. आबा खुर्चीवरून उठले नाहीत. "या," ते म्हणाले. "पाडायचं आहे ना? मी इथला भाडेकरू आहे. आधी मला उचलून बाहेर ठेवावं लागेल. तुझ्या भावाला लग्नानंतर खोली कोणी बघून दिली होती रे? आणि तुला? चला, कोण धरतो पाय, कोण धरतो डोकं?"

गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण पहार टेकवून वाळूत बसला. थोड्या वेळानं त्यानं हिरूबायकडे पाणी मागितलं, तिनं दिलं. पाणी पिऊन सगळे निघून गेले.

मालकांनी मग मामलेदार कचेरीत अर्ज केला, की खोपट हल्ली हल्ली घुसवलेलं आहे, ते हटवावं. तारीख पडेपर्यंत आबा तिथून हलले नाहीत. गावात हसू झालं. ज्या खानावळीत ते जेवत, तिथल्या बाईनं डबा बंद केला, माशांच्या वासात बसणाऱ्याची भांडी घासणार नाही म्हणाली. हिरूबाय त्यांना भाकरी द्यायची, पण ताटली उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि आत निघून जायची. घरमालक एकेक करत वाळू तुडवत आले आणि आपापल्या चाव्या मागून घेऊन गेले. आबा चावी काढून देताना दर खेपेला त्या घराला काय जपायला हवं ते सांगायचे. जुडगा बारीक होत होत सुंभात एकच चावी उरली. माझ्या घराची चावी तेवढी माझ्या मालकानं मागितली नाही.

पाऊस सुरू झाला तसा मांडव गळू लागला. आबा खुर्चीत छत्री उघडून बसत. त्यांना ताप भरला. मी औषध घेऊन गेले आणि हिरूबायला म्हणाले, "काकी, त्यांना आत घ्या. छातीत कफ झालाय. माणूस तुमच्यासाठी भिजतोय आणि तुम्ही दार लावून घेता?"

"आत न्हाय," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील याची भीती वाटते का?"

"लोकांची कसली भीती? आत न्हाय म्हंजे न्हाय."

मला तिचा राग आला. ज्या बाईनं गड्यांना पाणी दिलं, तिनं या माणसाला दारात भिजत ठेवावं? आबा तापात म्हणाले, "राहू द्या बाई. तिला बोलू नका." दुसऱ्या दिवशी गेले तर हिरूबाय मांडवावर चढून नवे झाप विणून घालत होती. पावसात, तशा पायानं. तरीही दार बंदच.

कचेरीतल्या तारखेला सगळा कोळीवाडा लोटला होता. व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. मामलेदार देशावरचे, तरुण, नव्यानंच आलेले. मालक म्हणाले, "साहेब, हे खोपट परवापरवाचं. बाईकडे एक कागद नाही." खरंच नव्हता. मामलेदारांनी तिला विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून आहात?" हिरूबाय म्हणाली, "लय वर्सं." त्यांनी मान हलवली. लय वर्सं म्हणजे किती, हे ती सांगू शकत नव्हती.

तेव्हा आबा पुढे झाले. ताप उतरला होता, पण चेहरा उतरलेलाच होता. कोटाची सगळी बटणं लावलेली.

"मी सांगतो," ते म्हणाले. "संस्थान असताना हिचं घर किनाऱ्यावर होतं, भरतीच्या रेषेच्या वर. एक बडे पाहुणे संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका मारायला यायचे होते. वाटेत हे एकटं झोपडं दिसू नये म्हणून हुकूम निघाला. तो घेऊन मी गेलो होतो. हिचा नवरा समुद्रावर होता. चुलीवर भात होता. मी आत शिरलो, चूल लाथेनं विझवली आणि घर पाडायला लावलं. हिनं विचारलं, आता जाऊ कुठं? मी या वाडीच्या टोकाकडे बोट दाखवलं. या मालकांचे वडील तिथे उभे होते, ते राहू दे म्हणाले. तेव्हापासून ती तिथे आहे. हे खोपट परवाचं असेल, तर मी परवा संस्थानाचा कारकून होतो असं लिहून घ्या."

कोळीवाड्यातल्या माणसांनी आबांकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला अजून आठवते. महिनोन्महिने त्यांनी या माणसाला आपल्यातला एक मानलं होतं. एक म्हातारा कोळी पचकन थुंकला. आबा तसेच ताठ उभे होते.

मालकांनी हरकत घेतली, "साहेब, हा तिच्याच दारात राहतो. तिच्या बाजूनं काहीही सांगेल."

मामलेदार हिरूबायकडे वळले. "हे म्हणतात ते खरं आहे का? हाच माणूस होता?"

"व्हय," हिरूबाय म्हणाली. "ह्योच. पयल्यापासनं वळाखते मी त्याला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

तिनं आबांकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यो सोताहून बोलतो काय, ते बगत व्हते."

खोपट राहिलं. वाडी पुढे कोणीतरी गावातल्याच माणसानं घेतली, हिरूबायसकट. पण निकालाच्या त्या दुपारी मी दोघांबरोबर चालत वाडीवर गेले. आबांनी ट्रंक भरली, छत्री मिटली. मी हिरूबायला म्हटलं, "काकी, आता तरी त्यांना आत बोलवा. घोटभर चहा घेऊन जातील."

ती उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "न्हाय."

मी काही बोलणार, तर आबांनी हात वर केला. "मी एकदा न विचारता आत गेलो होतो, बाई. घर तिचं आहे."

त्यांनी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि खुर्ची काखेत मारली. चार पावलं गेले असतील, तोच मागून हिरूबायचा आवाज आला.

"खुर्ची कुटं नेतोस? ऱ्हाऊ दे ती हितंच."

आबा थांबले. मागे आले. मांडवात जिथे होती तिथेच, उंबऱ्याबाहेर, त्यांनी खुर्ची नीट ठेवली, डगमगत नाही ना ते हातानं दाबून बघितलं, आणि ट्रंक सावरत वाळूतून गावाच्या दिशेनं चालू लागले.